मापावरची मूठ : ‘ग्रेस’ या शब्दाबद्दल

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलात इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न असा आहे. नववीच्या वर्गात ‘ग्रेसफुल’ हा शब्द आला. अर्थ विचारताच मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘ग्रेस मार्क, बाई! नापासाला देतात की ते.’’ सगळा वर्ग हसला. त्याच वर्गात ग्रेस नावाची एक मुलगी आहे, ती मान खाली घालून बसून राहिली. बाईंनी फळ्यावर ‘ग्रेस म्हणजे कृपा’ असं लिहिलं. पण धड्यात ग्रेसफुल होती ती एका नाचणाऱ्या मुलीची चाल, आणि तिथं कृपा बसेना. मग या शब्दाचा खरा अर्थ कोणता, आणि तो मुलांना सांगायचा कसा?

बाई, मी बेळगावात तीसेक वर्षं इंग्रजी, मराठी आणि कन्नड या तीन भाषांत भाषांतरं करतोय. विम्याचे कागद, कर्जाच्या नोटिसा, लग्नपत्रिका, चर्चमधली प्रार्थनापत्रकं, सगळं हाताखालून गेलं. या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द शोधायचा नाद मी केव्हाच सोडला. तरीही त्याचे सगळे अर्थ एका जागी बांधलेले आहेत आणि ती जागा मुलांना दाखवता येते.

ती जागा मला भाजी मंडईत सापडते. भाजीवाली अर्धा किलो वांगी तोलते, काटा बरोबर थांबतो, पैसे ठरतात, आणि मग ती पिशवीत चार मिरच्या नि कोथिंबिरीच्या दोन काड्या वर टाकते. आपल्याकडे कन्नड बोलणारे त्याला ‘कोसरू’ म्हणतात. मापात न धरलेलं, मागायचा हक्क नसलेलं, आणि तरीही राजीखुशीनं दिलेलं. ग्रेसचा कुठलाही अर्थ घ्या, त्याच्या मुळाशी ही मापावरची मूठ आहे. गुण मोजून संपल्यावर वर पडतात ते ग्रेस गुण. मुदत संपल्यावर हातात राहतात ते ग्रेसचे दिवस. चालायचं काम तर कुणाचीही पावलं करतात, पण एखादीच्या चालण्यात कामापलीकडचं काहीतरी असतं, ती ग्रेसफुल. आणि माणसानं कमावलं नाही तरी देवानं दिलं, ती देवाची ग्रेस.

शब्द लॅटिनमधल्या ‘ग्रातिया’वरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ग्रातियाच्या मागे ‘ग्रातुस’ आहे, म्हणजे मनाला भावणारा, आवडता. संस्कृतातला ‘गूर्त’ त्याचा दूरचा भाऊ. ‘गॄ’ म्हणजे स्तुती करणं, त्या धातूचं हे रूप. ज्याचं कौतुक करावं, ज्याचं स्वागत करावं, तो गूर्त. मला या शब्दातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. लॅटिनमध्ये देणाऱ्याची मेहेरबानी आणि घेणाऱ्याचे आभार या दोन्हींना ग्रातिया हाच शब्द होता. म्हणून स्पॅनिशमध्ये आभार मानताना ‘ग्रासियास’ म्हणतात, इटालियनमध्ये ‘ग्रात्सिए’. ग्रेटफुल, ग्रॅटिट्यूड, काँग्रॅच्युलेशन, ग्रॅच्युइटी, फुकट या अर्थाचा ‘ग्रॅटिस’, ही सगळी एकाच घरातली भावंडं.

आता आपल्याकडे बघा. ‘आभार’ या शब्दात भार आहे. आपण उपकाराचं ओझं म्हणतो, ऋण म्हणतो, उतराई होणं म्हणतो. मराठी माणूस आभार मानतो तेव्हा तो कर्जाच्या भाषेत बोलतो. ग्रेसमध्ये मात्र परतफेडीचा विषयच निघत नाही. तुमच्या तालुक्यातल्या कोकणी बोलणाऱ्या घरांत आभारासाठी ‘देव बरें करूं’ म्हणतात. मला ते ग्रेसच्या जास्त जवळचं वाटतं. मी तुझं काही फेडू शकत नाही, देव तुझं भलं करो, म्हणजे हिशेब वरच्याकडे सोपवून दोघंही मोकळे.

आता कागदपत्रांकडे येतो, कारण तिथं हा शब्द चुकला की माणसाचं नुकसान होतं. माझ्या हातून झालं आहे. भाषांतराच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट. निपाणी भागातल्या एका तंबाखूच्या शेतकऱ्यानं कर्जाची नोटीस मराठीत करून मागितली. हप्त्याच्या तारखेनंतर पंधरा दिवस ग्रेस, असं त्यात होतं. मी लिहिलं, ‘पंधरा दिवसांची मुदतवाढ मिळू शकेल’. त्यांनी वाचलं ते असं, की अर्ज केला आणि साहेबाच्या मनात आलं तर दिवस मिळतील. साहेबापुढं हात जोडायला नकोत म्हणून त्यांनी तारखेच्या आदल्या रात्री खासगी सावकाराकडून जबर व्याजानं पैसे उचलले आणि हप्ता भरला. तंबाखूचे पैसे आठवड्यात यायचे होते. नोटिशीतले पंधरा दिवस त्यांचे होतेच, कुणाला विचारायचीही गरज नव्हती. पुढं कळलं तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन चूक कबूल केली. ते म्हणाले, ‘‘असू दे की मास्तर, खरं पुढच्याला नीट लिवा.’’ त्या दिवसापासून मी ‘मुदतवाढ’ आणि ‘सवलतीचे दिवस’ यांची कधी गल्लत केली नाही. मुदतवाढ मागावी लागते. सवलतीचे दिवस करारातच लिहिलेले असतात.

म्हणून कागदात ग्रेस दिसला की मी आधी विचारतो, ही मर्जी आहे की हक्क? नाव मर्जीचं आणि वस्तू हक्काची, असं इथं पुष्कळदा होतं. आयुर्विम्याचा हप्ता वार्षिक, सहामाही किंवा तिमाही असेल तर तारखेनंतर ३० दिवस आणि मासिक असेल तर १५ दिवस ग्रेसचे असतात. त्या काळात विमेदार गेला तरी विमा चालू धरतात, थकलेला हप्ता कापून घेतात आणि बाकी रक्कम वारसाला देतात. ही कुणाची मेहेरबानी नव्हे. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या (हुंडी, धनादेश, वचनचिठ्ठी यांच्या) कायद्यात तर मुदतीच्या वचनचिठ्ठीला तीन दिवस ग्रेसचे थेट कलमातच घातलेत. पूर्वी व्यापारी एकमेकांना सबुरीनं देत ते दिवस, पुढं रूढ झाले आणि शेवटी कायदा झाले. ग्रॅच्युइटीचंही तसंच. शब्दाचा मूळ अर्थ खुशीनं दिलेली बक्षिसी. पण १९७२ च्या कायद्यानं पाच वर्षं सलग नोकरी केलेल्याला, प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन या हिशेबानं ती द्यावीच लागेल असं ठरलं. सरकारी मराठीत तिला ‘उपदान’ म्हणतात. तुमच्या शाळेतले शिपाईमामा मात्र ग्रॅच्युइटीच म्हणतील, आणि तेच बरं.

याच्या उलट ‘एक्स ग्रेशिया’. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय सगळ्या एकदम चढल्या, जिल्ह्यातली गावंच्या गावं पाण्यात गेली. अशा वेळी आपत्तीग्रस्तांना जे पैसे मिळतात त्यांवर हा शब्द असतो. त्याचा अर्थ, आमच्यावर कायद्याचं देणं आहे असं आम्ही मानत नाही, तरी देतो. मराठीत यासाठी सुंदर शब्द आहे, ‘सानुग्रह अनुदान’. अनुग्रहासह दिलेलं. गुरूनं शिष्यावर करायचा तो अनुग्रह इथं थेट तहसीलदार कचेरीत येऊन बसला आहे. पुष्कळ जण ‘सानुग्रह’ला नुकसानभरपाई समजतात आणि भांडतात. नुकसानभरपाई म्हणजे झालेल्या नुकसानाचा हिशेब. सानुग्रह अनुदानात तो हिशेब केलेलाच नसतो, म्हणून रक्कम घराच्या किमतीशी जुळत नाही. पूरग्रस्ताला हे समजावून सांगणं फार जड जातं, पण शब्दाचा अर्थ तोच आहे.

ग्रेस गुणांचं थोडक्यात सांगतो. मराठीत ‘सवलतीचे गुण’ किंवा ‘वाढीव गुण’. आपल्याकडच्या कन्नड वर्तमानपत्रांत ‘कृपांक’ छापतात आणि आता आपली मुलंही तो शब्द वापरतात. मला तो आवडतो, कारण त्यात ग्रेसचं मूळ उघड दिसतं. २०२४ च्या एसएसएलसीत, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेत, मंडळानं ही सवलत १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेली तेव्हा केवढा वाद झाला ते तुम्ही पाहिलंय. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला रागावू नका. त्यानं सांगितलेला अर्थ बरोबरच होता, फक्त तो शब्दाच्या शेपटाकडचा होता.

आता नाचणारी मुलगी. इथं मराठी श्रीमंत आहे आणि म्हणूनच घोटाळा होतो. चालीला, हालचालीला ‘डौल’. नाचाला, रेषेला, अक्षराला ‘लालित्य’. हाताच्या बारीक हालचालीला ‘नजाकत’. ‘ऐट’ टाळा, तिच्यात दाखवायची हौस असते आणि ग्रेसला दाखवायचं काहीच नसतं. वागण्यातल्या ग्रेसला ‘शालीनता’ बरी. पण मला सगळ्यांत लाडका आहे तो ‘आब’. पराभव झाला तरी माणूस आब राखून उठतो, समोरच्याचा हात हातात घेतो आणि बाजूला होतो. इंग्रजीत याला ग्रेस म्हणतात आणि आपल्या आजीनं ‘आब राखला’ म्हटलं असतं.

संगीतातही ग्रेस आहे. पाश्चात्त्य स्वरलिपीत मुख्य स्वराच्या आधी बारीक अक्षरात एक स्वर लिहितात, ती ग्रेस नोट. तिची मात्रा तालाच्या मोजणीत धरत नाहीत, मुख्य किंवा आधीच्या स्वराच्या वेळेतून ती तेवढा क्षण घेते. आपल्याकडे हा ‘कणस्वर’. बेळगावात हा शब्द सांगायला अवघड नाही, कारण पं. रामभाऊ विजापुरे यांची पेटी ऐकलेले कान या गावात अजून आहेत. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही, पट्टी दाबली की स्वर सरळ उभा राहतो. पण शेजारच्या पट्टीला बोट नुसतं शिवून गेलं की त्या कणानं स्वराला जीव येतो. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी, आपल्याच जिल्ह्यातलं. मुलांना त्यांचं गाणं लावून दाखवा आणि मुख्य स्वराला शिवून नाहीसे होणारे स्वर ऐकायला सांगा. मोजणीत नसलेली गोष्ट कानाला कशी लागते ते त्यांना तिथं कळेल.

वाक्प्रचारांत कोशातला अर्थ उचलू नका, माणसं कशी बोलतात ते आठवा. एखाद्याच्या ‘गुड ग्रेसेस’मध्ये असणं म्हणजे त्याच्या मर्जीत असणं. तिथून ‘फॉल’ झाला की मर्जीतून उतरला. काम ‘बॅड ग्रेस’नं केलं म्हणजे तोंड वाकडं करून केलं. ‘सेव्हिंग ग्रेस’ म्हणजे जमेची बाजू. समारंभ ‘ग्रेस’ करणं हे तर आपल्या लग्नपत्रिकेवर कायमचंच आहे, उपस्थित राहून शोभा वाढवावी. ‘डिसग्रेस’ म्हणजे नामुष्की. दुसऱ्याची वाईट दशा बघून इंग्रज म्हणतो की देवाची ग्रेस नसती तर तिथं मीच असतो. आपण म्हणतो, ‘देवानं राखलं’. दोन शब्दांत काम झालं. तडफडणाऱ्याला अखेरचा घाव घालून सोडवणं, त्याला फ्रेंचांकडून आलेलं नाव ‘कू द ग्रास’. पुष्कळ जण शेवटचा ‘स’ गाळतात, तो गाळायचा नसतो. घावालाही कृपा म्हणावं लागतं ही वेळ भयंकर, पण अर्थ तोच, यातना वाढू न देणं. आणि राजे स्वतःला देवाच्या ग्रेसनं राजे म्हणवत, ब्रिटिश नाण्यांवर त्यासाठी ‘डी’ आणि ‘जी’ (लॅटिन ‘देई ग्रातिया’) ही दोन अक्षरं असतात. १८४९ च्या एका नाण्यावर ती घातलीच नव्हती तर लोकांनी त्याला देवाविना निघालेलं नाणं ठरवलं.

तुमच्या वर्गातल्या मुलीचं नाव मात्र धर्मातल्या ग्रेसवरून आलंय, आणि तिथं ‘कृपा’ अगदी योग्य आहे. मराठी बायबलात तोच शब्द आहे. ‘दया’ वेगळी आणि कृपा वेगळी, हे ध्यानात ठेवा. शिक्षा व्हायला हवी होती आणि झाली नाही, ती दया. राष्ट्रपतींकडे जातो तो दयेचा अर्ज. जे मिळायचा काही हक्क नव्हता ते मिळालं, ती कृपा. माणसाच्या पुण्याईनं कृपा मिळते की ती निव्वळ देवाची देणगी, यावर ख्रिस्ती धर्मात पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलाजियस यांच्या मतांत मोठा झगडा झाला, आणि सोळाव्या शतकात ल्यूथरनं तोच प्रश्न पुन्हा उभा केला. आपल्याला हा वाद परका नाही. रामानुजांच्या परंपरेतल्या वैष्णवांत याच प्रश्नावरून दोन पंथ झाले. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजराच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. भक्तानं धरायचं की देवानं उचलायचं? मुलांना मांजर आणि माकड लगेच समजतं.

त्या मुलीच्या घरी कोकणी बोलत असतील तर मारियेची प्रार्थना ‘नमान मारिये, कुर्पेन भरलेले’ अशी म्हणत असतील. ‘कुर्पा’ म्हणजे आपलीच कृपा, वळण तेवढं वेगळं. आणि तिच्या वर्गात जॉन, योहान, हन्ना किंवा ॲना कुणी असेल तर त्यांच्याही नावात हीच कृपा हिब्रूमधून आलेली आहे. जेवणाआधी ख्रिस्ती घरांत ग्रेस म्हणतात, तेव्हा तो शब्द आभाराच्या अर्थानं असतो, ग्रातियाची दुसरी बाजू. आपण ‘वदनी कवळ घेता’ म्हणतो. मराठी कवितेतही हे नाव आहेच. नागपूरच्या माणिक गोडघाटे (१९३७–२०१२) यांनी ‘ग्रेस’ हेच नाव लेखनासाठी घेतलं आणि आयुष्यभर त्याच नावानं लिहिलं.

पण कृपेत चाल येत नाही, आणि डौलात देव येत नाही. तुमची खरी अडचण ही आहे. इतक्या वर्षांत मला ग्रेसएवढा पसरलेला मराठी शब्द एकच सापडला, ‘प्रसाद’. तो रोजचा झाल्यामुळे आपण त्याच्याकडे नीट बघतच नाही.

‘प्र’ आणि ‘सद्’, म्हणजे खाली बसणं, निवणं. गढूळ पाणी निवळलं की संस्कृतात त्याला ‘प्रसन्न’ म्हणतात. तुमच्या कणकुंबीला उगवणारी मलप्रभा आषाढात तांबडी असते आणि दिवाळीला तळ दिसतो, तेव्हा ती प्रसन्न झालेली असते. तसंच मनाचं. राग-लोभ खाली बसला, मन निवळलं, की माणूस प्रसन्न होतो आणि मग द्यायला लागतो. त्याचं देणं म्हणजे प्रसाद. गीतेच्या अठराव्या अध्यायात ‘तत्प्रसादात्’ आहे, त्याच्या प्रसादानं परम शांती मिळेल. तिथं प्रसाद म्हणजे शिरा नव्हे, ग्रेसच. सौंदर्याच्या अंगानं बघा. साहित्यशास्त्रात माधुर्य, ओज आणि प्रसाद असे तीन गुण सांगतात. वाळल्या लाकडात आग किंवा स्वच्छ कापडात पाणी पसरावं तसा ज्या लेखनाचा अर्थ एकदम मनात पसरतो त्यात प्रसादगुण. ही लेखणीची ग्रेस झाली. आणि आपल्याच भागातल्या लिंगायत घरांत विचारा. अष्टावरणांत, म्हणजे भक्ताला राखणाऱ्या आठ आवरणांत, प्रसाद आहे, आणि षट्स्थलांतल्या, म्हणजे भक्तीच्या सहा पायऱ्यांतल्या, तिसऱ्या पायरीवरच्या भक्ताला ‘प्रसादी’ म्हणतात. अन्न आधी देवाला अर्पण झालं, मग ताटात आलं, म्हणून त्यातला कणही टाकायचा नाही. प्रसाद वाटताना कुणाचा किती हक्क ते बघत नाहीत, रांगेतल्या पोरालाही तेवढाच. घेणारा भाव विचारत नाही, कमी पडला म्हणून भांडत नाही, उजवा हात पुढं करतो. मापावरची मूठ म्हणतो ती हीच.

ज्ञानेश्वरांनी नऊ हजार ओव्या सांगून झाल्यावर विश्वात्मक देवाकडे काय मागितलं? पसायदान. ‘पसाय’ म्हणजे प्रसाद. तुमच्या शाळेत ते म्हणत असतील तर मुलं ग्रेस मागत आली आहेत, फक्त कुणी त्यांना तसं सांगितलं नाही.

भाषांतरात मी ग्रेसच्या जागी सरसकट प्रसाद लिहीत नाही. विम्याच्या कागदावर ‘प्रसादाचे तीस दिवस’ लिहिलं तर वाचणारा गोंधळेल. तिथं सवलतीचे दिवस, चर्चमध्ये कृपा, नाचात डौल, पेटीवर कण. पण शिकवताना प्रसादापासून सुरू करा.

आणि एक करा, बाई. पुढच्या तासाला हजेरी घेताना वर्गात प्रसाद किंवा गुरुप्रसाद नावाचा मुलगा असेल, आपल्याकडे असतोच, त्याला आणि ग्रेसला दोघांनाही उभं करा आणि सांगा की या दोघांचं नाव एकच आहे. मग तिला तिच्या घरची प्रार्थना म्हणून दाखवायला सांगा. ‘कुर्पेन भरलेले’ हे शब्द आले की थांबवा, आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाला विचारा, यातला ओळखीचा शब्द कुठला.